तिखट तर नाही ना?

चौकशीराव साताऱ्यात शाहूपुरीत राहतात आणि सांगलीत विश्रामबागेतही राहतात. कराडला हायवेवर चहाला थांबलात तर आणखी दोन-चार भेटतील. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत नाहीतर झेडपीत, गाडी सात जणांची आणि गाडीत आठवं माणूस असल्यासारखी खाऊची पिशवी. पिशवीत भडंग, चकल्या, मेतकूट, तुपाची बाटली आणि कंदी पेढ्यांचा बॉक्स. एवढं असूनही गाडी हॉटेलासमोर थांबली, की चौकशीराव सगळ्यांच्या आधी उतरतात आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारतात, "लहान मुलांना चालेल असं काय आहे?"

हा प्रश्न ते उडपी हॉटेलातही विचारतात. तिथे फार तर वेटर कंटाळतो. खरी मजा येते ती ते सहकुटुंब तिबेटी जेवायला जातात तेव्हा.

इथवर ते पोचतात ते पोरांमुळे. थोरल्याने गावातल्या गाडीवर मोमो खाल्लेले असतात. कोबीचं सारण, सोबत मेयोनीज आणि लालभडक चटणी. तिबेटशी त्यांचा संबंध लांबच्या भाऊबंदाइतका. पण पोरगं हट्टाला पेटतं, "खरे मोमो पाहिजेत." मग दिवाळीच्या सुट्टीत शिरसी-जोगचा बेत ठरतो तेव्हा नकाशावर वाटेतच मुंडगोड दिसतं.

सातारा-सांगलीकरांना जवळ पडणारं तिबेट हेच. महाराष्ट्राची स्वतःची तिबेटी वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ, 1972 सालची. पण सांगलीहून तिथे जायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. मुंडगोड त्या मानाने सरळ रस्त्यावर. 1959 साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसं आली आणि 1966 मध्ये, निजलिंगप्पा म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री असताना, मुंडगोडला ही वसाहत सुरू झाली. ल्हासाजवळचे गांदेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ इथे नव्याने उभे राहिले. परदेशी पाहुण्याला इथे मुक्काम करायचा तर सरकारी परवाना लागतो. सांगलीकराला लागत नाही. तरीही चौकशीराव सगळ्यांची आधार कार्डं झेरॉक्ससकट बाळगून असतात.

आता त्यांचा रस्ता बघा. निपाणी सोडली की संकेश्वर लागतं. संकेश्वरी मिरची इथली. हुबळी ओलांडल्यावर तडसपाशी मुंडगोडकडे वळायचं. न वळता हायवेने तसंच पुढे गेलं तर हावेरीनंतर ब्याडगी, जिच्या मिरचीला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घरातून निघताना वहिनींनी डब्यात भरलेली कांदा-लसूण चटणी याच दोन मिरच्यांची, उन्हाळ्यात डंकावर उभं राहून कुटून आणलेली. म्हणजे मिरचीच्या मुलखातून, मांडीवर मिरचीचाच डबा घेऊन, हा गृहस्थ बिनतिखटाच्या शोधात निघालेला असतो.

मठाजवळच्या छोट्या हॉटेलात शिरल्या-शिरल्या चौकशीराव हिंदीला हात घालतात.

"दीदी, ये तिखट तो नहीं लगेगा ना? छोटी है. चार साल की."

दीदी म्हणते, "मिर्ची अलग है."

उत्तर पूर्ण आहे. पण चौकशीरावांचं समाधान एका उत्तरावर होत नाही. "मतलब अंदर नहीं डालते?" "अंदर नहीं." "थोडी भी नहीं?" "थोडी भी नहीं." "काली मिर्ची?" आता दीदी मागे वळून स्वयंपाकघराकडे बघते, बहुधा मदतीसाठी.

तिबेटी स्वयंपाकाची घडणच अशी, की या चौकशीला त्यात फारसा वाव नाही. उंच, कोरड्या, गारठ्याच्या मुलखातलं हे खाणं: सातू भाजून दळलेलं त्सांपा, याकचं लोणी, मांस, मैद्याची कणीक, वाफ आणि रस्सा. मसाल्याचा मारा नाही. तिखट हवं त्याच्यासाठी सेपेन नावाची मिरचीची चटणी वाटीत वेगळी ठेवतात; ज्याने-त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावी. आपल्याकडे फोडणीतच चटणी पडते आणि मग पोरासाठी रस्स्यात पाणी, दूध, साखर, नाहीतर वरून तुपाची धार असे उपाय सुरू होतात. चौकशीरावांच्या डोक्यात हॉटेल म्हणजे हेच. तिखट ताटाबाहेर ठेवून कुणी स्वयंपाक करत असेल, यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो.

मोमो येतात. ॲल्युमिनियमच्या थराथरांच्या भांड्याचं झाकण निघतं, वाफेचा लोट उठतो आणि चौकशीरावांचा चष्मा पांढरा होतो. इथे मात्र त्यांची काळजी रास्त आहे, हे मान्य करायला हवं. मोमोच्या आत रस साठलेला असतो आणि तो जिभेला चांगलाच चटका देतो. लहान मुलाला द्यायचा तर कडेला छोटं तोंड पाडून वाफ जाऊ द्यावी. हा सल्ला दीदी देते, पण तोवर चौकशीराव दीदीला मीठ किती घातलंय ते विचारत असतात आणि थोरल्याची जीभ भाजते.

धाकटीला तिंगमो मिळतो. उकडलेला, पांढराशुभ्र, पदर सुटणारा पाव. त्यात ना तेल ना तिखट. ती एकेक पदर सोलते, चुरगाळते, थोडा खाते, थोडा खिशात घालते. जेवताना हिला मोबाइल लागतो हे घरातलं तत्त्व तिथे विसरलं जातं, तेही कुणाच्या लक्षात न येता.

शाकाहाराची चौकशी हा स्वतंत्र अंक. मोमो मूळचा मांसाचा, थुक्पाचा रस्साही बहुतेकदा हाडांचा. शाफाले ही तळलेली पोळी, सारण मांसाचंच. भारतात कोबी, बटाटा, पनीर यांचे मोमो सर्रास मिळतात. पण थुक्पा शाकाहारी हवा असेल तर रस्साही शाकाहारी आहे का, हे विचारावं लागतं. चौकशीराव स्वतः बुधवार-रविवार मटण खाणारे; आज आजींचा गुरुवार म्हणून हा सगळा आटापिटा.

आजी मात्र काहीच विचारत नाहीत. त्या उठून थेट स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहतात. आत एक वयस्क बाई थेंथुक करत असते: कणकेची लांब पट्टी मनगटावर टाकलेली, अंगठ्याने दाबून, ताणून, बोटभर तुकडे तोडून थेट उकळत्या रश्श्यात. तुकडा भांड्यात पडेपर्यंत दुसरा तुटलेला. आजी दोन मिनिटं बघतात आणि बाहेर येऊन निकाल देतात, "चकोल्या हायत्या. आमटीऐवजी पाल्याच्या रश्श्यात." निकाल बरोबर आहे. डाळ, गूळ, आमसूल काढा, मुळा आणि पालक घाला, की पोचलात. तासभर चौकशी करून चौकशीरावांना जे कळलं नाही, ते आजींनी उंबऱ्यावरून सांगितलं. धाकटी वाटीभर थेंथुक संपवते.

फसगत होते ती फक्त चहाची. लोणी आणि मीठ घालून घुसळलेला पो-चा थोरला गोड समजून तोंडात घेतो आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. चौकशीरावांनी नेमकी याचीच चौकशी केलेली नसते. चहात काय विचारायचं?

यांचेच भाऊबंद हिमाचलला जातात तेव्हा मॅक्लोडगंजच्या चौकातही दिसतात. पण ते स्वयंपाकी सोबत नेणाऱ्या यात्रा कंपनीबरोबर गेलेले असतात. धौलाधारच्या पायथ्याशी पिठलं-भात जेवून, तिबेटी हॉटेलांच्या पाट्यांपुढे फोटो काढून परत येतात आणि "तिकडे मुलांचे खाण्याचे हाल होतात" असं ठामपणे सांगतात. मुंडगोडपर्यंत जाणारे चौकशीराव त्यांच्यापेक्षा नक्कीच धाडसी. हे विचारतात, पण निदान खातात.

खातात म्हणजे काय, तर पोरं जेवून मठाच्या अंगणात बाल-भिक्खूंचा खेळ बघायला पळाली, की चौकशीराव आपल्या ताटाकडे वळतात. एक मोमो, दुसरा मोमो. कपाळाला आठी. "अगं, हे जरा सपकच आहे गं." वहिनी न बोलता पिशवीतून चटणीचा डबा काढतात. तोही पुरत नाही. मग वाटीतलं सेपेन जपून चमच्याच्या टोकावर घेतलं जातं, मग चमचाभर, मग वाटीच ताटात उलटी. कान लाल, नाकातून पाणी, चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान.

बिल देताना ते पुन्हा गल्ल्याशी वाकतात. आता दीदीही सावध झालेली असते.

"दीदी, वो मिर्ची की चटनी," चौकशीराव आवाज खाली आणून विचारतात, "बाटली में मिलती है क्या? और इससे जादा तिखट आती है क्या?"