चोराने पुरानंतरच यावे

अकरा महिन्यांचा भाडेकरार आपण वाचत नाही, तिथे विम्याची पॉलिसी कोण वाचणार? "विमा? तो घरमालकाचा असेल की!" असतोही. पण तो त्याच्या भिंतींचा. भिंतींच्या आतला फ्रिज, गादी, लॅपटॉप हे आपले प्रारब्ध.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मिळते. भाडेकरूला त्यात नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो. आग, भूकंप, पूर सगळे आत. २०२४च्या जुलैत पुण्यात सिंहगड रस्त्यावर घरांत पाणी शिरले, तेव्हा हे किती जणांना ठाऊक होते, ते विचारू नये.

चोरीचे कलम मात्र चवीने वाचावे. मूळ पॉलिसीत चोरी आहे. पण पूर-आगीसारख्या आपत्तीपायी झालेली, तीही सात दिवसांच्या आत. म्हणजे चोराने आधी हवामान खात्याचा अंदाज पाहावा, मग कुलूप फोडावे. कोरड्या दिवशी येणाऱ्या चोरासाठी घरफोडीचा वेगळा विमा, जादा हप्ता. दागिन्यांची सोय निराळी. रोकड आणि हस्तलिखिते तर एरवी यादीबाहेरच; माझ्या कादंबरीबद्दल विमा कंपनीचे आणि प्रकाशकांचे एकमत पाहून भरून आले.

तरी विमा घ्या. सामानाचे फोटो काढा, पावत्या जपा. फक्त जे कपाट बुडणार आहे, त्यातच ठेवू नका. आणि रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिट गिळणारा मालक? ती आपत्ती अजून कुणी यादीत घातलेली नाही.