तिकीट काढलेला एकटा

"मामा, कालच लागलाय पिक्चर. थेटरात चारशे कशाला घालवता?" असं म्हणत भाच्याने पेनड्राइव्ह हातात ठेवला. मी निवृत्त मास्तर. चारशे रुपये वाचणार म्हटलं की माझी नीतिमत्ता मुकाट्याने बाकावर उभी राहते.

टीव्ही लावला. नायिकेच्या आधी एक डोकं आलं. उजव्या कोपऱ्यात, पाठमोरं, टक्कल, कान जरा बाहेर आलेले. मोबाइल लपवून शूटिंग करणाऱ्याच्या पुढच्या रांगेत हे गृहस्थ बसले असणार. आवाज विहिरीतून यावा तसा. आम्हाला विनोद कळायच्या आत थेटर हसून मोकळं. हळूहळू आम्ही सगळे त्या डोक्यातच गुंतलो. नायकाचा बाप मेला तेव्हा ते समोसा खात होतं. मध्येच उठून गेलं तर ही म्हणाली, "पिक्चर थांबवा, येऊ देत त्यांना." थांबवला तर तेही थांबतील, हे तिला पटवायला पाच मिनिटं गेली.

तेवढ्यात शेजारचे वकील पेपर मागायला आले. टीव्ही बघून म्हणाले, "२०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायदा बदललाय, मास्तर. थेटरात असं शूटिंग केलं तर कैद तीन महिने ते तीन वर्षं. दंड तीन लाखांच्या खाली नाही, वर निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत."

आई हबकली. "म्हणजे या टकल्याला आत टाकणार?"

"त्याला कशाला, आजी? इथे तिकीट काढून बसलेला तो एकटाच आहे."

तरी खोड जात नाही. पुढच्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर 'सगळे सिनेमे फुकट' अशी एपीके फाइल आली. अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. सिनेमा दाखवणाऱ्याला माझे मेसेज कशाला हवेत, हा प्रश्न मला पडला, पण 'अलाऊ' दाबल्यावर. ओटीपी परस्पर तिकडे, पाठोपाठ खात्यातले नऊ हजारही. सायबर फसवणुकीचा नंबर १९३०. दांडीयात्रेचं साल, त्यामुळे पाठ करावा लागला नाही.

आता ओटीटीचे पैसे भरतो. फुकटच हवं असेल तर प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' आहे. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे त्यात चोरी नाही आणि आईला पुण्यही.

परवा तोच पिक्चर ओटीटीवर आला. लखलखीत चित्र, खणखणीत आवाज. बाप मेला तेव्हा ही चक्क रडली. आई मात्र उजव्या कोपऱ्याकडे बघत होती.

"आज आले नाहीत का रे ते?"