सक्तीचे शिक्षण, पालकांसाठी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली मंजूर झाला आणि 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला. तारखेवरचे विनोद त्याच वर्षी सगळ्यांचे करून झाले आहेत, तेव्हा थेट मुद्द्यावर येऊ. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे, आणि त्याला शाळेत घालणे हे कलम 10 नुसार पालकाचे कर्तव्य आहे. म्हणजे हक्क मुलाचा, कर्तव्य पालकाचे आणि पावतीपुस्तक शाळेचे. एवढी वाटणी ध्यानात ठेवली की नवपालकाचा निम्मा अभ्यास झाला.

मूल सहा वर्षांचे होईपर्यंत कायदा वाट पाहतो. शाळा पाहत नाही. नर्सरीचे फॉर्म मूल अडीच वर्षांचे व्हायच्या आत निघतात आणि ते संपले म्हणजे संपले. कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची परीक्षा घ्यायला मनाई आहे. घेतल्यास पहिल्या खेपेला 25 हजारांपर्यंत दंड. त्यामुळे नावाजलेल्या शाळांत मुलाखत अजिबात होत नाही, नुसत्या गप्पा होतात. गप्पांच्या ओघात तुम्ही काय करता, घर स्वतःचे आहे का, घरात इंग्रजी कोण बोलते, हे सहज विचारले जाते. आईने कॉटनची साडी नेसावी, वडिलांनी कमी बोलावे आणि मुलाने शक्यतो रडू नये. कलम 13 मध्ये देणगीलाही मनाई आहे. ती विकास निधी म्हणून द्यावी.

आता 'मोफत' या भागाकडे वळू. विनाअनुदानित खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असतात आणि त्या ऑनलाइन सोडतीने भरतात. इथे पालकाचा भूगोल तपासला जातो. नकाशावर आपल्या घराचे ठिकाण स्वतः नेमके दाखवायचे. खूण चुकून नाल्यापलीकडे पडली तर शाळेपासूनचे अंतर बदलते आणि मुलाचे नशीबही. भाड्याचे घर असेल तर नोंदणी केलेला करार हवा. ज्याचे वर्षाचे उत्पन्न लाखाच्या आत आहे, त्याच्या चाळीतल्या घरमालकाने करार नोंदवून दिला असेल, असे गृहीत धरलेले आहे. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारला वाटले, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला हा त्रास कशाला? जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मधल्या काळात मुलांच्या वयाने थांबण्याची काही तसदी घेतली नाही.

अभ्यासक्रमाबाबत एकच सूचना: पुस्तकाला कव्हर घालण्याची घाई करू नका. 2019 मध्ये दुसरीच्या गणितात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' आले. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या मुलांना सोपे जावे, हा त्यामागचा साधा विचार. त्यावर टीव्हीवर मराठीच्या अस्तित्वाची लढाई झाली. त्यात ज्यांचा आवाज सर्वांत वर होता, त्यांच्या घरी ''बाबा, एकोणऐंशी म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन?'' हा प्रश्न रोज विचारला जातो. 2023 मध्ये दप्तर हलके करायचे म्हणून पाठ्यपुस्तकांचे चार भाग झाले आणि आत वहीची कोरी पाने आली. मुलांनी त्या पानांचे काय करायचे, हे ठरेपर्यंत 2025-26 पासून ती गेली. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली, 17 जूनला ती 'सर्वसाधारणपणे' झाली आणि 29 जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेऊन समिती नेमली. शाळा तेव्हा नुकती सुरू झाली होती. पहिलीतले मूल 'क' गिरवत होते, तोवर सरकारचे लिहून खोडूनही झाले.

प्रकल्पाला मात्र कोणी हात लावत नाही. तो पालकांच्या अभ्यासक्रमाचा गाभा आहे. रात्री नऊ चाळीसला ग्रुपवर मेसेज पडतो: उद्या सूर्यमालेची प्रतिकृती आणावी, मुलांनी स्वतः केलेली असावी. शेवटच्या वाक्यावर पन्नास पालक अंगठा उमटवतात आणि चपला घालून बाहेर पडतात. कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला शटर अर्धे खाली ओढून उभाच असतो. त्याला मेसेज आपल्याआधी कळलेला असतो. काळा कार्डपेपर संपलेला, निळ्यावर भागवा. घरी आल्यावर गुरूसाठी प्लास्टिकचा चेंडू, पृथ्वीसाठी लिंबू, शनीच्या कड्यासाठी आईची बांगडी. वडील प्लूटोही लावायला निघतात; तो 2006 सालीच ग्रहांच्या यादीतून बाद झाल्याची वार्ता त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते. साडेअकराला फेव्हिकॉल वाळवायला हेअर ड्रायर लागतो. ज्याचा प्रकल्प, तो कधीच झोपलेला असतो. आठवड्याने शेरे येतात. आपल्याला 'उत्कृष्ट'. वर्गातल्या ज्या एकाच पोराने स्वतः केलेला असतो, त्याला 'नीटनेटकेपणा हवा'.

परीक्षेचे फार मनावर घेऊ नये. आधी आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असे होते. 2019 मध्ये केंद्राने मुभा दिली आणि पुढे राज्याने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा व फेरपरीक्षा आणली. मूल नेमके कोणत्या वर्षी कोणत्या इयत्तेत आहे, यावर त्याची हुशारी ठरते. शिकवणीचे विचाराल, तर कलम 28 नुसार शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. क्लासमध्ये शिकवतात ते शिक्षक नसतात, ते 'सर' असतात. शिक्षकांना तेवढा वेळही नसतो. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांखेरीज इतर कामे त्यांना देऊ नयेत, असे कायदा सांगतो. आपल्याकडे या तिन्हींपैकी एक तरी सदैव चालूच असते.

हे सगळे मुळात सुरू कुणी केले? जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. सयाजीरावांनी 1906 मध्ये बडोदा संस्थानभर ते सक्तीचे आणि मोफत केले. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे शेतमजुराला घाम फोडणारी रक्कम होती. आज त्या दराने सहा ते चौदा या आठ वर्षांचा दंड 96 रुपये होतो. शाळेच्या लोगोची पाण्याची बाटलीही तेवढ्यात येत नाही. दंड आता पाठवणाऱ्याला बसतो, तोही तिमाही, उशीर झाल्यास विलंब शुल्कासह.

तरीही 'मोफत' शब्दाची ओढ असेलच, तर जवळच्या पालिकेच्या शाळेत एकदा जाऊन या. इमारत भक्कम असते, मैदान असते (तुमच्या इंटरनॅशनल शाळेला गच्चीवर हिरवा गालिचा असतो), डी.एड. झालेले शिक्षक असतात, पुस्तके मिळतात, दुपारी खिचडी मिळते. पट घसरत चाललेला असतो. मुख्याध्यापिका बाई लगबगीने उठून खुर्ची देतात, पंखा लावतात.

''या ना, बसा. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलासाठी आला असाल ना?''

आपण घाम पुसत म्हणतो, ''हो हो. त्यांच्याच.''