विषय : नात पियानोवर काय वाजवते

नाशिकच्या ती. सौ. आई व ती. बाबा यांस, रेडिंगहून.

नवशिक्या मुलासाठी पियानोची सोपी रचना ठरते ती हाताच्या मापावर. रचना संथ आहे की जलद, प्रसिद्ध आहे की अपरिचित, हे प्रश्न नंतरचे. आधुनिक पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. सप्तकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे साडेसोळा सेंटिमीटर भरते आणि सात वर्षांच्या मुलीचा पंजा पूर्ण ताणला तरी सहसा तिथवर पोचत नाही. म्हणून आरंभीच्या रचना अशा निवडतात, की हात एका जागी ठेवावा आणि पाच बोटांखाली लागोपाठचे पाच स्वर यावेत. अंगठा त्या पाचांच्या बाहेर सरकू लागला, की रचना एक पायरी अवघड झाली. अंगठ्यावरून बोट किंवा बोटाखालून अंगठा काढावा लागला, तर दोन पायऱ्या.

पेटीवाल्या घरात हे लवकर पटत नाही. पेटीवर उजवा हात गातो आणि डावा भाता हलवतो. डाव्यावर सुरांची जबाबदारी नसते. पियानोवर डाव्या हाताला स्वतःची वेगळी ओळ असते. ती वाचण्याचा नियमही वेगळा, त्यामुळे एकाच रेघेवरचा ठिपका उजव्या हातासाठी एक स्वर असतो आणि डाव्यासाठी दुसराच. ‘इतके दिवस झाले, अजून एवढंच?’ या नाशिकहून वारंवार येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. दोन्ही हात एकच सुरावट वाजवत असतील तर ते सर्वांत सोपे. डावा हात एखादा लांब स्वर धरून बसला, तर त्याहून थोडे कठीण. आणि उजवा एक बोलत असताना डावा भलतेच बोलू लागला, की मूल रडते, आई समजावते आणि बाबांना नेमके त्याच वेळी ऑफिसचे काम आठवते.

नाशिकच्या फर्माइशींत पहिला क्रमांक बेटहोवेनच्या ‘फ्यूर एलिझ’चा लागतो. समोरच्या बंगल्यातली गाडी मागे घेताना ही धून वाजते. गाडीला जमते ते नातीला का जमू नये, असा आजोबांचा युक्तिवाद आहे. (तैवानात हीच धून कचरा गोळा करणाऱ्या गाड्या वाजवत फिरतात आणि लोक पिशव्या घेऊन बाहेर येतात.) रचना १८१० ची आहे. बेटहोवेन १८२७ मध्ये वारला आणि ती छापून आली १८६७ मध्ये. एलिझ कोण, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. तिचा पहिला भाग खरोखर आवाक्यातला आहे, कारण त्यात हात बहुतेक वेळ एकमेकांची वाट पाहतात. पुढच्या भागात मात्र उजव्या हाताला भराभर स्वर येतात आणि त्यानंतर डाव्या हाताला खालचा एकच स्वर सतत ठोकत राहावे लागते. त्यामुळे दिवाणखान्यांतून ऐकू येतो तो बहुधा पहिला भागच. गाडीही तेवढाच वाजवते.

दुसरी फर्माइश मोत्सार्टच्या ४० व्या सिंफनीची. ‘छाया’ या १९६१ च्या चित्रपटातल्या ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ या गाण्यासाठी सलील चौधरींनी तिचा आरंभ घेतला होता, त्यामुळे आजीला ती पाठ आहे. बाजारात तिची ‘सोपी’ रूपांतरे ढिगाने मिळतात. अशा रूपांतरात वाद्यवृंद जातो, खाली थरथरणाऱ्या व्हायोलांची साथ जाते आणि उरते ती एक चाल, जी आजीला पियानोशिवायही येते. मुलाला चाल मिळते, पियानो मिळत नाही. मोठ्या कृतीचे कापून लहान केलेले रूप घेण्यापेक्षा मुळातच लहान लिहिलेली रचना केव्हाही बरी, कारण तिच्यात आरंभ, मध्य आणि शेवट जागच्या जागी असतात आणि त्या वयात पूर्ण केलेल्या वस्तूचा अभिमान फार मोठा असतो.

अशा मुळातच लहान रचनांचा साठा जर्मनीतल्या एका घरगुती वहीपासून मोजता येतो. योहान सेबास्टियन बाखची दुसरी पत्नी आना माग्डालेना हिच्या नावाची ही वही १७२५ ची. बाखला दोन बायकांपासून मिळून वीस अपत्ये झाली, म्हणजे घरात नवशिक्यांचा तुटवडा नव्हता. वहीतला जी मेजरमधला मेन्युएट जगातल्या बहुतेक पियानो शिकणाऱ्या मुलांच्या हाताखालून जातो. तो दीर्घकाळ बाखचाच मानला गेला. १९७० च्या दशकात अभ्यासकांनी दाखवून दिले, की तो ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड याचा आहे. पुष्कळ पुस्तकांत अजून दुरुस्ती झालेली नाही. सातबाऱ्यावर नाव बाखचे, पीक पेट्झोल्डचे. मेन्युएट हा तीन मात्रांचा नाच आहे. दोन बार एकत्र धरले की सहा मात्रा होतात, आणि आजोबांनी व्हिडिओ कॉलवर दादऱ्याचा ठेका धरला तरी शास्त्र मोडत नाही. ठेका इंग्लंडला पोचेपर्यंत मेन्युएट पुढच्या ओळीवर गेलेला असतो, हा दोष तालाचा नाही. रचना ३२ बारची आहे. हात जागा बदलतो, पण लांब उड्या नाहीत आणि पेडल लागत नाही. हा शेवटचा गुण महत्त्वाचा, कारण पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत.

पाय लोंबकळत असले, तर मूल कमरेतून डुलते आणि बोटांचा जोर जातो. म्हणून पियानो शिकवणारे पायाखाली काहीतरी ठेवायला सांगतात. दुकानात यासाठी खास चौरंगवजा साधन मिळते. नाशिकहून आलेला जेवणाचा पाट तेच काम करतो आणि तो खाली असल्यामुळे त्यावर कोणाला जेवायला बसवता येत नाही, एवढीच गैरसोय.

पुढची पायरी शूमानची. रॉबर्ट शूमानने १८४८ मध्ये थोरल्या मुलीच्या, मारीच्या, सातव्या वाढदिवसासाठी काही छोट्या रचना लिहिल्या आणि त्या वाढत वाढत ४३ रचनांचा ‘मुलांसाठी अल्बम’ झाला. पुढच्या रचना कठीण होत जातात, पण सुरुवातीच्या काही अगदी लहान हातांसाठी आहेत. ‘रानटी घोडेस्वार’ सर्वांत लाडका, कारण तो तुटक, धडधडीत वाजवायचा असतो आणि मध्ये घोडा डाव्या हाताकडे जातो. ‘कामावरून परतणारा आनंदी शेतकरी’ या रचनेत तर मुख्य चालच डाव्या हाताला दिली आहे आणि उजवा हात वरून साथ करतो. पेटीच्या सवयीवर याहून चांगला उतारा नाही. शेतकरी आनंदी का, हे शूमानने कुठेही सांगितलेले नाही. कांद्याला भाव मिळाला असावा, हा आजोबांचा तर्क तूर्त ग्राह्य धरला आहे.

चायकोव्हस्कीने शूमानचा कित्ता गिरवून १८७८ मध्ये २४ रचनांचा तसाच अल्बम लिहिला आणि तो आपल्या भाच्याला अर्पण केला. त्यातले ‘जुने फ्रेंच गाणे’ संथ, छोटे आणि खरोखर सुंदर आहे. बाहुलीची मालिका मात्र पालकांनी सावधपणे उघडावी. बाहुली आजारी पडते, मग तिची अंत्ययात्रा निघते, मग एक वॉल्ट्झ होतो आणि लगेच नवी बाहुली येते. सुतक एका वॉल्ट्झपुरतेच. आजीला हे मान्य होणे कठीण, पण मुलांना ही मालिका अतिशय आवडते आणि अंत्ययात्रा संथ असल्याने ती वाजवायलाही फारशी जड जात नाही.

गोड चालींचा कंटाळा आलेल्या घरांसाठी बार्टोक आहे. त्याने खेड्यापाड्यांतून फोनोग्राफ नेऊन हंगेरियन आणि स्लोव्हाक लोकगीते टिपली आणि त्यांतून ‘मुलांसाठी’ हा संग्रह केला. नंतरच्या ‘मिक्रोकॉस्मॉस’मध्ये १५३ रचना सहा भागांत चढत्या क्रमाने लावल्या आहेत, पहिले दोन भाग त्याने मुलाला, पेटरला, अर्पण केले. अगदी पहिल्या सहा रचनांत दोन्ही हात एकच सुरावट वाजवतात, मग हळूहळू एक हात दुसऱ्याच्या मागून येऊ लागतो. क्रम एवढा बिनचूक आहे, की शिक्षक आजारी पडला तरी पुस्तक शिकवत राहते. ऐकायला मात्र ते पहिल्यांदा कोरडे वाटते, आणि शेजाऱ्यांची भिंत सामाईक असेल तर हेडफोनवाला डिजिटल पियानो घ्यावा. पट्ट्या वजनदार असलेलाच घ्यावा, नाहीतर बोटांना खऱ्या पियानोचा जोर कधीच कळत नाही.

दोघांनी वाजवायच्या रचनांना जागा द्यावी. व्हिएन्नाचा प्रकाशक आणि संगीतकार आंटोन डियाबेली (ज्याच्या वॉल्ट्झवर बेटहोवेनने ३३ रूपे रचली, तोच) याने मुलाचा हात पाच स्वरांत ठेवून शेजारी मोठ्याने भरघोस साथ करावी, अशा रचना लिहिल्या. मुलाला कमी कष्टात मोठे संगीत ऐकू येते आणि ताल सोडता येत नाही. बाबांची साथ मागे पडू लागली, तर मुलगी थांबून वाट पाहते. हे शिक्षण पुस्तकात नोंदवलेले नाही.

नावांवर विश्वास ठेवू नये. मोत्सार्टने १७८८ मध्ये आपल्या यादीत सी मेजरमधल्या एका सोनाटाची नोंद ‘नवशिक्यांसाठी’ अशी केली. सुरुवातीच्या चार बारपर्यंत ते खरे आहे. पाचव्या बारपासून उजवा हात आरोह-अवरोहांत धावू लागतो. मोत्सार्टला नवशिके म्हणजे कोण वाटत असावेत, हे यावरून दिसते. सोनाटा हवाच असेल, तर क्लेमेंटीच्या १७९७ च्या सहा सोनाटिनांतला पहिला घ्यावा, तोही स्वरमालिका हातात बसल्यावर.

परीक्षांचा प्रश्न नाशिकहून ‘प्रवेशिका कधी?’ असा विचारला जातो. इंग्लंडमध्ये त्याजागी एबीआरएसएम या संस्थेच्या परीक्षा असतात : एक प्राथमिक आणि मग आठ श्रेणी. वादनाच्या परीक्षेत तीन याद्यांतून एकेक रचना निवडायची असते. पहिल्या यादीत साधारण चपळाईच्या, दुसरीत गाण्याच्या अंगाच्या आणि तिसरीत नाना ढंगांच्या रचना असतात. १५० पैकी १०० ला उत्तीर्ण, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. उरलेले २० कुठे गेले, हे विचारण्याची मराठी पद्धत परीक्षकांना अपरिचित आहे. अभ्यासक्रमाची यादी निवडीला उपयोगी असते, कारण तिच्यात अवघडपणा कोणीतरी आधीच तोलून ठेवलेला असतो. पण वर्षभर तीनच रचना घासत बसले, तर मुलाला वाचन येत नाही. परीक्षेच्या एका रचनेमागे दोनतीन सोप्या रचना केवळ वाचून सोडून द्याव्यात.

खर्चाबद्दल : संगीतकार वारल्याला ७० वर्षे होऊन गेली, की ब्रिटनमध्ये त्याच्या मूळ रचनेवर हक्क राहत नाही. पेट्झोल्डपासून बार्टोकपर्यंत सगळे फुकट उतरवून घेता येते. कबालेव्हस्की १९८७ मध्ये वारला, त्यामुळे त्याची मुलांसाठीची पुस्तके विकतच घ्यावी लागतात. ती पैसे वसूल करून देतात. फुकटच्या प्रतीत बोटांचे आकडे छापले आहेत का, तेवढे पाहावे. अंगठा १, करंगळी ५. आकडे नसतील तर मूल दररोज नव्या बोटांनी वाजवते आणि दररोज नव्याने शिकते.

इथल्या मंडळाच्या गणेशोत्सवात ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असतो. मेन्युएटला तेवढ्या पुरतात, म्हणून यंदा मेन्युएट. आरती पेटीवरच होईल.



रेडिंगकर मंडळी