अनुभव मिळेल, वेळ : लाईन गेल्यावर

पुण्याचा भाचा सूनबाईला घेऊन मे महिन्यात वर्ध्याला येतो म्हणाला, तेव्हाच मला शंका आली. मे महिन्यात वर्ध्याला कुणी येत नाही. जे वर्ध्यातच आहेत, तेही दुपारी कूलरपुढून उठून पाणी प्यायला जाताना दोनदा विचार करतात. "लग्नकार्य आहे का रे कोणाचं?" मी विचारलं. "नाही मामा. आम्हाला टुरिस्टी काही नकोय. काहीतरी युनिक हवंय. अनुभव."

पूर्वी माणूस गावाला जायचा. परत आला की लोक विचारायचे, "कसा झाला प्रवास?" तो सांगायचा, "बसायला जागा मिळाली." एवढ्यावर विषय संपायचा. आता जागा मिळाली तर अनुभव वाया गेला म्हणतात.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त इंजिनिअर नुकतेच हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन आले. तिथे मातीच्या घरात राहिले. शेणानं सारवलेली भुई, कंदिलाचा उजेड, विहिरीचं पाणी, आणि रात्रीचे 6 हजार रुपये. सांगताना त्यांचे डोळे पाणावले. याच गृहस्थांनी सेलूकडचं वडिलांचं मातीचं घर पाडून तिथे स्लॅब टाकला, तेव्हा पेढे वाटले होते. मी त्यांना म्हटलं, "अहो, आपल्याकडे 1936 मध्ये गांधीजी शेगावात राहायला आले. झोपडीवर 100 रुपयांच्या वर खर्च नको आणि सामान आसपासचंच पाहिजे, अशी त्यांची अट होती." साहेबांनी शांतपणे विचारलं, "त्यात ब्रेकफास्ट धरला होता का?"

तर शेगावावरून आठवलं. त्या गावाचं नाव 1940 मध्ये सेवाग्राम केलं, कारण टपाल चुकून बुलडाण्याच्या शेगावला जायचं. ऐंशीहून जास्त वर्षं झाली. टपाल आता कोणी पाठवत नाही, त्यामुळे माणसंच चुकतात. मागच्या महिन्यात सेवाग्राम स्टेशनवर एक पाहुणे उतरले आणि पहिला प्रश्न काय, तर "भाऊ, कचोरी कुठे मिळते?" ऑटोवाला आपला माणूस. म्हणाला, "कचोरीसाठी उलटं जा लागते जी. इथं कडुनिंबाची चटणी हाय." आश्रमातल्या जेवणात ही चटणी असायची आणि गांधीजींचा तिच्यावर फार लोभ होता. हे आज कोणी शहरात विकायला काढलं तर त्याला 'डिटॉक्स' म्हणतील आणि वाटी छोटी ठेवतील.

भाच्याला मी आश्रमात नेलं. तिथे साप पकडून लांब सोडून देण्यासाठी ठेवलेली पेटी आणि लाकडी चिमटा बघून सूनबाई म्हणाली, "किती सस्टेनेबल!" व्हाइसरॉयशी बोलायला बसवलेला टेलिफोन पाहून भाचा गप्प झाला. मला वाटलं, पोरगा इतिहासानं भारावला. तो म्हणाला, "मामा, इथे रेंज नव्हती तेव्हाही?"

मग मी त्याला लुई फिशरची गोष्ट सांगितली. वर्ध्यात 'अनुभव' घ्यायला आलेला माणूस म्हटला तर हा खरा. अमेरिकन पत्रकार, 1942 च्या जूनमध्ये आठवडाभर सेवाग्रामला राहिला आणि 'अ वीक विथ गांधी' हे पुस्तक लिहून गेला. जून म्हणजे पाऊस येतो येतो म्हणतो आणि येत नाही, ते दिवस. उकाड्यानं गडी हैराण. शेवटी त्यानं पत्र्याच्या टबात पाणी भरलं, त्यात एक लाकडी खोकं ठेवून त्यावर बसला, दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर मांडला आणि काम करत राहिला. तिकडे देश 'भारत छोडो'च्या उंबरठ्यावर, आणि इकडे जगाला त्याची बातमी देणारा टबात बसलेला. आज हे कोणी केलं तर 'वॉटर वर्कस्टेशन' म्हणून तासाचे पैसे लावेल. आमच्या हिला मी हे सुचवलं. ती म्हणाली, "टब धुण्याच्या कपड्यांचा हाय. हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी भाच्यानं वाघ काढला. आमचं बोर अभयारण्य 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं; देशातल्या सगळ्यात छोट्या व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. जिप्सीत बसायचं, कुजबुजायचं, दुर्बीण गळ्यात घालायची, वाघ न दिसल्यास मोर दिसला म्हणून समाधान मानायचं. ठीकच आहे. पण जंगलाच्या कडेला ज्याचं वावर आहे, त्याला हा अनुभव फुकट मिळतो आणि तो घ्यावाच लागतो. मोटरीची लाईन रात्रीची असते, म्हणून रात्री दोन वाजता ओलिताला जायचं. रानडुक्कर हरभरा उपटतं, म्हणून जागलीला जायचं. हातात बॅटरी, पायात चप्पल. मध्येच झुडपात काहीतरी हलतं. कुजबुजायची गरज पडत नाही, आवाजच फुटत नाही. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं भाच्याची सगळी चौकशी ऐकून घेतली आणि विचारलं, "भाऊ, तुमी वाघ पाहाले पैसे देता? मंग आमी न पाहाले किती द्याचे?"

भाच्यानं वहीत लिहून घेतलं. ऑथेंटिक, असं काहीतरी पुटपुटला.

संध्याकाळचं काय, असं त्यानं हळूच विचारलं. मी त्याला समजावलं, हा दारूबंदीचा जिल्हा आहे. इथे संध्याकाळी गोरसपाक खातात. त्याचा चेहरा पडला. पण गायीच्या तुपातलं ते बिस्कीट तोंडात विरघळल्यावर दोन डबे बांधून घेतले. ही जिल्ह्यातली एकमेव गोष्ट, जिच्याबद्दल त्याला 'युनिक' हा शब्द सुचला नाही. "आणखी आहे का?" एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी कंबर कसली. एका मित्राच्या वावरात रोडग्यांचा बेत केला. गोवऱ्यांचा जाळ, त्यात भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याची भाजी, वरण. सूनबाईनं राखेत हात घालून रोडगा काढला, बोट भाजलं, फुंकर मारली आणि तेवढ्यात तिचा फोन राखेत पडला. दोघांनी मिळून चिमट्यानं तो बाहेर काढला. (सेवाग्रामच्या पेटीत ठेवायला हवा होता.) त्यानंतर फोटो निघाले नाहीत. दोघं मुकाट्यानं जेवले. चार-चार रोडगे खाल्ले. ही म्हणाली, "पाहा, पोरं पहिल्यांदा पोटभर जेवली."

रात्री घरी आलो आणि लाईन गेली. आम्ही सवयीनं गच्चीवर गेलो. सतरंज्या, भिजवलेल्या चादरी, माठ. शेजारच्या गच्चीवरचे इंजिनिअर साहेब खाली हातपंखा शोधत होते. कोणीतरी कुठल्यातरी लग्नात वरमाई कशी रुसली होती ते सांगायला लागलं आणि तीन गच्च्यांवरून दुरुस्त्या आल्या. एक वाजता वारा सुटला. भाचा उताणा पडून आकाश बघत होता. बराच वेळ काही बोलला नाही, वहीही काढली नाही. मला वाटलं, झोपला.

"मामा," तो म्हणाला, "हे रोज असतं का?"

"नाही रे," इंजिनिअर साहेब अंधारातून म्हणाले, "मी उद्या इन्व्हर्टर बसवतोय."