गॅरेजातलं भारदस्त स्थळ

अमेरिकेतल्या इंडियाना, ओहायो, मिशिगन या पट्ट्यात एक प्रकारचा गृहस्थ हमखास आढळतो. वय पन्नाशी-साठीचं, गॅरेज दोन गाड्यांचं आणि गाड्या मात्र दोन्ही बाहेर, बर्फात. शिकारीच्या बंदुकीला नवी नळी बसवायचे गनस्मिथ काहीशे डॉलर घेतो आणि वर महिनोन्‌महिने तंगवतो, हे त्याला पटत नाही. त्यापेक्षा एक जुना लेथ घ्यावा, दोन-चार नळ्यांत पैसे वसूल, असा हिशेब तो बायकोपुढे मांडतो. बायको बेरीज तपासते. बेरीज बरोबर असते.

आपल्याकडे असला नाद लागला तर १९५९ चा शस्त्र कायदा आडवा येतो. परवान्याशिवाय बंदूक बनवणं सोडाच, दुरुस्त करायलाही मनाई. तिकडे स्वतःच्या बंदुकीवर स्वतः काम करायला केंद्राच्या कायद्याची सहसा आडकाठी नसते. राज्याराज्यांचे नियम काय ते वेगळे. त्यामुळे या गृहस्थाच्या वाटेत अडसर उरतो तो एकच, लेथच्या वजनाचा.

घ्यायचा तो साउथ बेंड, हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. इंडियानातल्या साउथ बेंड गावात जॉन आणि माइल्स ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ मध्ये हा कारखाना काढला. लेथ विकायचा तर गिऱ्हाइकाला तो चालवताही आला पाहिजे, म्हणून त्यांनी लेथ कसा चालवावा याचं पुस्तकच छापलं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या काढल्या. हरिहरच्या किर्लोस्कर लेथवर हात बसलेल्या आपल्या टर्नरलाही ते वाचताना परकं वाटणार नाही. धार लावायचे कोन आणि आटे पाडायचे गिअर दोन्हीकडे तेच.

या साउथ बेंडवाल्यांत दोन पंथ आहेत. नऊ इंची लेथ सुटसुटीत आणि स्वस्त, पण त्याच्या स्पिंडलचं, म्हणजे फिरणाऱ्या पोकळ दांड्याचं, भोक पाऊण इंची. रायफलीची जाड नळी त्यात शिरत नाही. मग थोरला, 'हेवी टेन' नावाचा दहा इंची. त्याच्या मोठ्या भोकाच्या मॉडेलमधून सव्वा इंच एक सूत जाडीचा गज आरपार जातो. नळी हेडस्टॉकमधून घालून दोन्ही टोकांना धरता येते, म्हणून गनस्मिथ त्याच्यावर जीव टाकतात. वजन पाचशे किलोच्या आसपास. आणि तो हटकून कुणाच्या तरी तळघरात असतो.

जुन्या लेथच्या जाहिराती वधूवरसूचक मंडळाच्या भाषेत लिहिलेल्या असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला मुरलेल्या मामाची नजर लागते. 'चालू स्थितीत' म्हणजे वडील होते तेव्हा चालू होता. 'किरकोळ गंज' म्हणजे गज धरणारा चक आणि स्पिंडल यांना आता कोणीही वेगळं करू शकणार नाही. 'सर्व पार्टसह' म्हणजे ते पार्ट तीन बादल्यांत आहेत. 'शाळेत वापरलेला' हे सगळ्यांत घातक. तिकडच्या हायस्कुलांत पूर्वी वर्कशॉपचा तास असे. पुढे अनेक शाळांनी तो बंद केला आणि लेथ विकायला काढले. अशा लेथची टूल आडवं सरकवणारी क्रॉस स्लाइड बोटानं चाचपून पाहावी. चकचे दात जिथे जिथे चावले त्या खाचा लागतात. वर दर काही वर्षांनी दिलेल्या करड्या रंगाचे थर. एखाद्याला मात्र दुसऱ्या महायुद्धातली वॉर प्रॉडक्शन बोर्डाचा उल्लेख असलेली पितळी पट्टी सापडते. मग तो बाकीचे सगळे दोष पदरात घेतो.

लेथ सुटा करून, कमरेत उसण भरवून घेऊन, तो गॅरेजात आणला की घासलेट, चिंध्या आणि तारेचा ब्रश यांचं राज्य सुरू होतं. इथे घाई करणारा फसतो. साउथ बेंडच्या स्पिंडलला तेल पुरवते ती फेल्टची वात, आणि ती खालून स्प्रिंगनं वर दाबलेली असते. स्पिंडल ओढण्याआधी ही वात खाली दाबायची, तेलाच्या भोकातून बारीक तार घालून ती अडकवून ठेवायची, मगच हात लावायचा. नाहीतर स्पिंडल बाहेर आणि वातीचे दोन तुकडे.

पुढचा घोळ क्रॉस स्लाइडच्या नटचा. वर्षानुवर्षांच्या वापरानं ब्रॉन्झची ही नट झिजते आणि हँडल बरंच फिरवल्यावर मग कुठे टूल हलायला लागतं. नवी नट बनवायची तर आत डाव्या हाताचे अ‍ॅक्मे आटे पाडावे लागतात. ते पाडायला लेथ लागतो. लेथ तर जमिनीवर पसरलेला! काहीजण नट विकत आणतात. पण गृहस्थ खरा हाडाचा असेल तर तो यातून रीतसर मार्ग काढतो. या लेथच्या दुरुस्तीसाठी एक छोटा लेथ घेतो. तोही जुनाच.

हळूहळू माणसाची मापं बदलतात. वर्कशॉपात इंचाच्या हजाराव्या भागाला 'थाऊ' म्हणतात. स्पिंडलमध्ये गज घालून वर उचलायचा आणि डायल गेज एक थाऊच्या आत राहतो का ते बघायचं, ही बेअरिंगची परीक्षा. बेड सपाटीला आणायला तो एक लेव्हल आणतो, फुटाला अर्धा थाऊ इतका उतार दाखवणारी. ती ठेवल्यावर कळतं, की गॅरेजची फरशीच दरवाजाकडे उतरती आहे. वितळलेल्या बर्फाचं पाणी बाहेर जावं म्हणून गवंड्यानं ती मुद्दाम तशी केलेली. बेडला जरासा पीळ राहिला तरी लेथ गजाचं एक टोक जाड आणि दुसरं बारीक कातणार. म्हणून पायांखाली पत्र्याचे तुकडे सारत तो लोळण घेतो. त्या लेव्हलची किंमत बायकोच्या हिशेबात 'किरकोळ' या सदरात जाते. त्याच सदरात थ्री फेजच्या मोटारीसाठी आणलेला ड्राइव्हही असतो, कारण घरात सिंगल फेज. शेतपंपापायी रात्र रात्र जागणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे दुःख वेगळं समजवायला नको.

अखेर लेथ फिरतो. तेलाचा वास सुटतो, निळसर कीस वळत बाहेर पडतो आणि ही बातमी गल्लीभर होते. पहिलं काम शेजाऱ्याच्या लॉनमोअरच्या बुशचं. दुसरं समोरच्यांच्या बर्फ उडवायच्या यंत्राच्या शाफ्टचं. त्याची स्वतःची नळी मात्र फळीवर, तेलकट कागदात.

मग एका रविवारी शेजारी काखेत लांबट पेटी घेऊन येतो. त्यात वडिलांची माउझर रायफल. "तेवढी नळी बदलून दे ना."

गृहस्थ हातातली चिंधी खाली ठेवतो आणि गंभीर होतो. १९६८ चा बंदुकांचा कायदा त्याला पाठ आहे. दुसऱ्याच्या बंदुका दुरुस्त करायचा धंदा करायचा तर केंद्र सरकारचा परवाना लागतो, दप्तर ठेवावं लागतं, आलेल्या-गेलेल्या बंदुकांची नोंद करावी लागते. हे सगळं तो समजावून सांगतो. पैसे घेऊन असलं काम करायला लागलो तर आपण अडकू, असंही सांगतो.

शेजारी शांतपणे ऐकून घेतो आणि पेटी बेंचवर ठेवतो.

"पैशांचं कोण बोललं?"