मूळ चाल

गणपतीच्या दिवसांत आरतीला बोलावलं तरी पंचाईत आणि नाही बोलावलं तर त्याहून मोठी पंचाईत, असा एक माणूस गावोगावी असतो. महाडात तो आमच्या आळीत राहतो. तोंडावर त्यांना सगळे काका म्हणतात. काका कोपऱ्यावरून वळले की त्यांचं नाव 'मूळचाल'.

नोकरीभर काका एसटीत चेकर होते. महाड-पोलादपूर पट्ट्यात हात दाखवून भरली गाडी थांबवायची, हेच त्यांचं आयुष्य. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, हात राहिला. आता ते आरत्या थांबवतात.

पोलादपूरकडच्या एका वाडीतला प्रसंग सांगतो. घरातले चाकरमानी माणगावच्या कोंडीत रात्र काढून पहाटे पोचलेले, पोरं पेंगुळलेली, सोवळ्यातल्या म्हातारीला कधी एकदा नैवेद्य दाखवते असं झालेलं. 'सुखकर्ता' सुरू झालं. पहिलं कडवं पार पडलं, ढोलकीवाल्याने नुकता कुठे हात मोकळा केला, आणि काकांचा उजवा पंजा वर गेला. ढोलकी थांबली. टाळ थांबले. झांजवाला पोरगा डोळे मिटून वाजवत होता, तो एकटाच चार ठोके पुढे गेला आणि मग ओशाळून थांबला. यजमानांच्या हातातलं तबक देवापुढे अर्ध्या वाटेत.

"ही मंगेशकरांची झाली," काका म्हणाले. "या वाडीची चाल कुठेय?"

"काका, आम्ही लहानपणापासून हीच म्हणतो," यजमान तबक सावरत म्हणाले.

"तुम्ही परळच्या चाळीत लहान होतात. वाडी इथे आहे."

मग खिशातून मोबाइल निघाला, पिशवीतून लहानसा स्पीकर निघाला, आणि देवाला तसंच ताटकळत ठेवून आम्हा सगळ्यांना एका म्हाताऱ्या बुवांनी दमेकरी आवाजात म्हटलेलं तेच कडवं ऐकावं लागलं. दरम्यान निरांजन विझलं. वहिनींनी ते तोंडाने काही न बोलता पुन्हा लावलं, पण काडी ज्या जोरात ओढली त्यावरून बोलणं कळत होतं.

काकांकडे या एका आरतीची किती ध्वनिमुद्रणं असतील ते त्यांनाही सांगता येत नाही. लताबाई आणि त्यांच्या भावंडांची तबकडी आहे. अनुराधा पौडवालांची कॅसेट आहे. सनईवरची आहे, बँडवरची आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनातली आहे. डीजेवाल्याने जिच्याखाली धडधड घातलीय तीही आहे. ती ते कपाळाला आठ्या घालून ऐकतात, पण पुसत मात्र नाहीत. 1999 साली 'वास्तव' सिनेमा आला आणि गणपतीची आरती पडद्यावर दुमदुमली. त्यानंतर पोरं आरती म्हणताना छाती पुढे काढून संजय दत्तसारखी उभी राहू लागली, अशी काकांची नोंद आहे. ती खोटी नाही.

पण या सगळ्या त्यांच्या लेखी नकला. अस्सल एकच: समर्थ रामदासांनी म्हटली असेल ती. आणि समर्थ म्हणजे काकांच्या हिशेबी गाववालेच. शिवथरघळ महाड तालुक्यात, दासबोध तिथला, मग आरती मोरगावच्या मयूरेश्वरापुढे सुचली अशी परंपरा असली म्हणून काय झालं? तिची तालीम इथेच झाली असणार. "कल्याणस्वामींनी 20 दशक, 200 समास उतरवून घेतले," काका हळहळतात, "त्यात एका आरतीचे स्वर लिहून घ्यायला काय जड होतं?" समर्थांनी देह ठेवला सतराव्या शतकात, गायिका गौहरजानची तबकडी कोलकात्यात भरली गेली 1902 साली. मधली दोनशेवर वर्षं कोणाचंच यंत्र चालू नव्हतं, हा काका स्वतःवरचा अन्याय समजतात. पोलादपूरच्या कवींद्र परमानंदांवरही त्यांचा राग आहे. एवढं 'शिवभारत' रचणाऱ्या माणसाला आरतीबद्दल दोन ओळी टाकता आल्या नाहीत?

मात्र ते निराश होत नाहीत. शिवथरघळसुद्धा विस्मरणात गेलीच होती. धुळ्याच्या शंकरराव देवांनी ती 1930 साली शोधून काढली. "घळ सापडली, मग चाल का सापडू नये?" या प्रश्नाला महाडात अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. म्हणून काका ऐन श्रावणात मोबाइल घेऊन घळीत गेले आणि तासभर ध्वनिमुद्रण करून आले. आम्हाला ऐकवलं. समोरचा धबधबा कोसळतोय, दुसरं काहीही नाही. "लय पकडा," काका म्हणाले. आम्ही पकडायला बसलो. आमच्यातल्या दोघांना झोप लागली.

काकांची चेष्टा करणं सोपं आहे आणि आम्ही ती मनापासून करतो. पण एका गोष्टीत माणूस पक्का आहे. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्या, मंडपात कर्णे लागले, आणि वाडीवाडीची चाल खरोखरच बुजत गेली. काकांनी ज्या जुन्या बुवांना ओटीवर बसवून म्हणायला लावलं, त्यांच्या चाली एकमेकींशी जुळत नाहीत. एकीकडे ओळीचा शेवट इतका लांबवतात की मधे सुपारी कातरून व्हावी. दुसरीकडे आरती नुसती पळते. त्याचं कारण काकांनीच शोधलं. तिथली मंडळी एका रात्रीत अख्खी वाडी घेतात, घरं दूरदूर, पायवाट चढाची, वर पाऊस. चाल कोणी बांधली नाही, चढणीने बांधली. हा शोध एखाद्या प्राध्यापकाने लावला असता तर त्याचा निबंध झाला असता. काकांनी लावला म्हणून तो आरतीच्या मधेच ऐकावा लागतो.

'घालीन लोटांगण'च्या बाबतीत तर ते जास्तच खुलतात. त्यातला पहिला भाग नामदेवांच्या नावावर, पुढचे श्लोक संस्कृत, त्यातही एक भागवतातला आणि एक अच्युताष्टकातला. सगळे एका दमात, गरागरा फिरत म्हणायचे. एवढी सरमिसळ कोणी केली, हे विचारायला ते एकदा एका भटजींच्या मागे एसटी स्टँडपर्यंत गेले. भटजींनी मिळेल ती गाडी पकडली.

जुलै 2021मध्ये सावित्री नदीच्या पुरात बाजारपेठ बुडाली तेव्हा काकांनी कॅसेटींची ट्रंक माळ्यावर टाकली होती. पाणी माळ्यावरही गेलं. पूर ओसरल्यावर काका आधी शेजारच्या दोन घरांतला चिखल उपसायला गेले, हे सांगायलाच हवं. मग आपल्या अंगणात दोरी बांधून त्यांनी कॅसेटींच्या फिती चिमटे लावून वाळत घातल्या. वाऱ्यावर तपकिरी फिती हलतायत आणि काका पंच्याने एकेक टिपतायत. वाळल्यावर बहुतेक मेल्या. एक लागली. तिच्यातला आवाज खोल पाण्यातून आल्यासारखा, जड, ओढलेला. काकांनी तीही जपून ठेवलीय. वेष्टनावर लिहिलंय: 'सावित्रीची चाल'.

त्यांचा पुतण्या न्यूजर्सीला असतो. त्याने एकदा फोनवर सांगितलं की तिकडे 'अमेझिंग ग्रेस' नावाचं चर्चमधलं भजन आहे, आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात त्या एकाच भजनाची तीन हजारांवर ध्वनिमुद्रणं सांभाळून ठेवलीत. काका खुर्चीतून उठून उभे राहिले. जगात आपल्यासारखं कोणीतरी आहे, आणि त्याला सरकारी पगार आहे! पण पुतण्याने पुढचंही सांगितलं. ते शब्द छापले गेले 1779 साली. आज जग ज्या चालीत ते गातं, ती त्यांना 1835 साली जोडली गेली. काका खाली बसले. दोन दिवस कोणाची आरती थांबली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्यांच्याकडे घळ नाही."

काका स्वतः कधी गात नाहीत. आग्रह केला तर म्हणतात, "मी फक्त तपासतो." त्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. तिथे आरती काकू म्हणतात, ठसठशीत मंगेशकरी चालीत, आणि काका मागे उभे राहून मुकाट टाळ्या वाजवतात. घरात मूळ चाल चालत नाही.

यंदा महाड-पोलादपूरकडे गणपतीला येणार असाल तर जरूर या. फक्त आरती सुरू करण्याआधी ओटीखालच्या चपला बघून घ्या. त्यांत उजवा अंगठा तारेने बांधलेली, एसटीच्या काळातली काळी चप्पल दिसली, तर निरांजनात तूप दुप्पट घाला आणि पोरांना आधीच एकेक मोदक देऊन टाका.